मेणाचा डावा पाय

"पण मोडायचा कसा?"

बावतीसनं पुन्हा विचारलं, तेव्हा पाळकबाबांनी दाभणात दोरा ओवता ओवता मान वर केली.

"काय मोडायचं?"

"नवस."

मी तिथंच बसले होते, म्हणून सांगते. कुणाकडून ऐकलेलं नाही. शनिवारची दुपार, वसईतल्या पाळकबाबांच्या घराचा ओटा, आणि आमच्यामध्ये फाटक्या गीतपुस्तकांचा ढीग. आमच्या मंडळीचे लोक गाणी जीव तोडून म्हणतात आणि उपासना संपली की पुस्तकं बाकावर आपटतात. मग शिवण उसवते. मी सुटलेली पानं जुळवून द्यायची आणि पाळकबाबांनी ती शिवायची, असं आमचं कित्येक वर्षं चाललं आहे. त्यांना शिवायला आवडतं, मला बोलायला. ते उलट बोलत नाहीत, त्यामुळं आमचं छान जमतं.

पाळकबाबा म्हणजे शांतवन ओहोळ. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे जुने पाळक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अडलंनडलं की लोक नव्या पाळकांना ओलांडून यांच्याच ओट्यावर येतात.

आणि बावतीस तुस्कानो... त्याचं काय सांगू.

दोनेक वर्षांपूर्वी तो जुनं देऊळ सोडून आमच्यात आला. देऊळ म्हणजे त्यांचं कॅथलिक चर्च, वसईत तिकडचे लोक देऊळच म्हणतात. त्याला कुणी ओढून आणलं नव्हतं. स्वतः बायबल वाचायला लागला, वाचता वाचता वाटलं की देवाशी बोलायला मधे इतकं सगळं कशाला, आणि आला. त्याच्या विश्वासाबद्दल मला कधी शंका नव्हती. त्याच्या तोंडाबद्दल होती.

आल्या आल्या त्यानं एकेक सोडायला घेतलं. रोझरीची माळ सोडली. संतांच्या तसबिरी उतरवल्या. मेणबत्त्या सोडल्या, नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना सोडल्या. क्रूसाची खूण करायला आपोआप कपाळाकडं जाणारा हातसुद्धा महत्प्रयासानं खाली धरला. इथवर ठीक होतं. पुढं तो आमचं सोडवायला लागला. भिंतीवर क्रूस कशाला? नाताळला चांदणी कशाला? प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळे एकदम उभे राहता, ही पण रीतच झाली की.

आमच्या घराच्या तीन पिढ्या याच मंडळीत गेल्या, आणि हा कालचा आलेला आम्हाला शिकवणार. मी त्याला एकदा म्हटलंही, बाबा रे, नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी फडताळ लावायला घेऊ नये. त्याला राग आला. आला तर आला.

त्याच्या घराच्या वळणावर दगडी क्रूस आहे. जाणारे-येणारे तिथं थांबतात, हार घालतात. ते बघायलाच नको म्हणून हा भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायचा. मी पाळकबाबांना हे मुद्दाम सांगितलं होतं. ते म्हणाले, तेवढंच चालणं होतं त्याचं.

त्याची बायको लुसिया मात्र जुन्याच देवळात राहिली. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी हा इकडं, ती तिकडं, जेवायला दोघं घरी.

तर असा हा माणूस नवसाचं विचारत होता.

"कुणाचा नवस?" पाळकबाबा म्हणाले.

बावतीसनं माझ्याकडं पाहिलं. मी पानांत डोकं घातलं. खरं म्हणजे मी उठून जायला हवं होतं, पण नाही गेले.

मग त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, मांडीवर ठेवलं आणि उलगडलं.

मेणाचा पाय. वीतभर लांब. गुडघ्यापासून खालचा, पाची बोटांसकट.

टेकडीवरच्या त्यांच्या देवळात मातेच्या सणाला असे पाय मिळतात. हात मिळतात, बाळं मिळतात, घरंही मिळतात. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि मातेपुढं ठेवायचं. त्यांची जुनी रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती बावतीसच्या मांडीवर बघून माझ्या हातातली पानं उलटीपालटी झाली.

"माझाच," तो म्हणाला.

मग तो बोलत गेला. त्याची मुलगी जासिंता पाच वर्षांची असताना तापानं पडली. ताप उतरला, पण डावा पाय उचलेना. इस्पितळं झाली, इंजेक्शनं झाली, मालिश झालं. एका दुपारी हा एकटाच टेकडीवर गेला आणि बोलून आला, की पोर चालू दे, जिवात जीव आहे तोवर दर सणाला मेणाचा पाय वाहीन. पोर चालली. आधी धरून धरून, मग न धरता. आज ती बँकेत नोकरी करते, स्कूटर चालवते, आणि नाताळ झाला की तिचं लग्न आहे.

नवस बोलून दाखवला तर फळत नाही, असं त्याला लहानपणी कुणीतरी सांगून ठेवलेलं. म्हणून बायकोला नाही, पोरीला नाही, कुणालाच त्यानं कळू दिलं नव्हतं. दर सणाला हा गुपचूप जायचा आणि यायचा.

"दर सणाला म्हणजे..." मला राहवलं नाही. "इकडं आल्यावर पण?"

त्यानं मान खाली घातली.

इकडं आल्यावर पण. माळ सोडली, तसबिरी सोडल्या, आमच्या चांदणीला नावं ठेवली, आणि सण आला की हा टेकडीवर. डोक्यावर हेल्मेट. रांगेतसुद्धा काढायचा नाही, कुणी ओळखू नये म्हणून.

एरवी मी महिनाभर हसले असते. त्या वेळी हसू आलं नाही. मेणाचा पाय पडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"सोमवारी सण आहे," तो म्हणाला. "यंदा नाही न्यायचा, असं ठरवलं होतं. तरी आज सकाळी टेकडीखाली स्टॉल लागलेले दिसले आणि घेतलाच."

"मग ने," पाळकबाबा म्हणाले.

मी चमकून बघितलं. बावतीसनंही.

"कसा नेऊ? माझा विश्वास नाही आता त्याच्यावर."

"मग नको नेऊस."

"आणि पोरीचा पाय गेला तर?"

...

पाळकबाबांनी दोरा ओढला. गाठ अडकली होती, ती नखानं सोडवली.

बावतीस पुढं सरकला. त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. नवस सोडवायला तो उपास करणार होता, किती दिवसांचा ते पाळकबाबांनी सांगायचं. स्तोत्रं वाचणार होता, कोणती आणि किती वेळा तेही त्यांनीच सांगायचं. चर्चच्या वडीलमंडळींनी घरी येऊन जासिंताच्या पायाला तेल लावून प्रार्थना करायची, पण तिला कारण सांगायचं नाही. आणि शेवटी हा मेणाचा पाय ओहोटीच्या वेळी खाडीत सोडायचा, म्हणजे तो परत काठाला लागणार नाही. ओहोटी कधी आहे तेसुद्धा विचारून आला होता.

मी मनात म्हटलं, धन्य आहे. आमच्या चांदणीत खोट काढणारा तो हाच.

"एवढं केलं की सुटशील?" पाळकबाबांनी विचारलं.

"सुटेन ना?"

"आणि त्यातलं एखादं राहून गेलं तर?"

बावतीस मेणाच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिला.

...

मग तो म्हणाला, असं एकदा झालं होतं. जासिंता शाळेत होती तेव्हाची गोष्ट. गर्दी फार होती, विकणारीनं घाईघाईत पाय कागदात बांधून दिला, यानंही बघितला नाही. वाहून झाल्यावर लक्षात आलं, की तो उजवा होता. परत मागायची सोय नाही. दुसरा घ्यावा तर स्टॉल उठलेले. ते सगळं वर्ष त्यानं पोरीच्या डाव्या पायावर डोळे लावून काढलं. ती जिना उतरायला लागली की हा खालच्या पायरीवर जाऊन उभा.

"मग काय झालं त्या वर्षी?"

"त्या वर्षी..." बावतीस अडखळला. "त्या वर्षी ती सायकल शिकली."

"आणि तू काय शिकलास?"

"मी पुढच्या सणाला दोन पाय वाहिले."

इथं मात्र मला हसू फुटलं. आवरेचना. बावतीसनं रागानं माझ्याकडं पाहिलं, आणि मग तोही ओठ चावून जरासा हसला. हसला आणि लगेच डोळे पुसले. असं हसणं देव कुणावर न आणो.

पाळकबाबांनी हात पुढं केला.

"बघू तो."

बावतीसनं दोन्ही हातांनी तो पाय त्यांच्या हातात दिला. त्याला वाटलं असावं, आता बाबा काहीतरी म्हणतील, डोळे मिटतील, प्रार्थना करतील. मलाही तसंच वाटलं.

पुस्तक शिवायच्या दोऱ्याला मेण लावावं लागतं. नाही लावलं तर दोऱ्याचे तंतू सुटतात आणि कागद फाटतो. आम्ही त्यासाठी मेणबत्तीचा तुकडा ठेवतो. तो सकाळीच संपला होता.

पाळकबाबांनी पाय मांडीवर आडवा धरला, गुडघ्यावर दोरा टेकवला आणि ओढला.

मेणात खाच पडली.

"पाळकबाबा..." बावतीस अर्धा उठला.

"हं."

त्यांनी दोरा पुन्हा ओढला. पुन्हा ओढला. दोरा मऊ झाला, चकचकीत झाला. त्यांनी तो बोटांवर तपासला, माझ्याकडून पानं घेतली आणि शिवायला लागले. मी काय बोलणार? पुढची पानं जुळवायला घेतली. बावतीस त्या खाचेकडं बघत राहिला.

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

जासिंता बापाला न्यायला आली होती. हे ठरलेलंच होतं, बावतीस सकाळपासून रिक्षानं फिरत होता. फाटक उघडून ती अंगणात आली.

ती लंगडत होती.

डाव्या पायानं.

बावतीस पाळकबाबांच्या मांडीवरचा मेणाचा पाय ओढून घ्यायला वाकला. म्हाताऱ्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सोडला नाही.

"आधी तिला विचार."

बावतीस तसाच उभा. मीच विचारणार होते, पण पाळकबाबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा गप्प बसले, असं आमच्या घरी म्हणतील.

"पाय..." बावतीस म्हणाला. "पायाला... काय झालं?"

"चप्पल चावते, पप्पा," जासिंता म्हणाली. "लग्नासाठी घेतली ना, म्हटलं आतापासून घालून सवय करावी. दोन्ही टाचा सोलल्या. डावी जास्त."

असं म्हणून तिनं दोन्ही चपला तिथंच अंगणात काढल्या आणि अनवाणी आमच्याकडं आली. सरळ. तुम्ही-आम्ही चालतो तशी.

बावतीस ओट्यावर बसला.

तिची नजर मेणाच्या पायावर गेली. हे काय, म्हणून तिनं विचारलं. पाळकबाबा शिवत होते. शेवटी बावतीसनं सांगितलं. आम्हाला सांगितलं तसं सरळ नाही, तुटक तुटक, मागचं पुढं, पुढचं मागं. उजव्या पायाचंसुद्धा सांगितलं. हेल्मेटचंही.

मला वाटलं ती हसेल, नाहीतर चिडेल. ती बापाच्या शेजारी बसली.

"म्हणून तुम्ही माझ्या पायाकडं बघता?"

"कधी?"

"नेहमीच. मी चालत आले की तुम्ही खालीच बघता." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, मला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. "मला वाटायचं, मी अजून लंगडते. तुम्ही सांगत नाही एवढंच."

...

"लग्नात सगळे बघणार म्हणून मी रोज आरशापुढं चालून बघते, पप्पा. मला दिसत नाही. म्हटलं, तुम्हाला दिसतंय म्हणजे असेलच."

बावतीस रडला. हमसून हमसून, लहान पोरासारखा. नाही गं, नाही लंगडत, कधीच नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मीही रडले, लपवत कशाला. ज्या पायाची इतकी राखण केली, तो केव्हाच बरा झाला होता. लंगडत ठेवलं होतं ते या राखणीनं. आणि दोघांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

"चालून दाखव," तो म्हणाला.

ती उठली. ओट्यावरून उतरली, फाटकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. अंगणातली खडी टोचत होती म्हणून मधेच तोंड वेडंवाकडं केलं, मग बापाकडं बघून हसली.

आणि बावतीसनं ते हसणं पाहिलं. मी त्याच्याकडंच बघत होते, म्हणून खात्रीनं सांगते. त्याची नजर एकदाही खाली गेली नाही.

"कुठं लंगडतेस तू," तो म्हणाला. "किती मोठी झालीस गं."

ओझं उतरलं की माणूस आधी दमतो. बावतीस खांबाला टेकून बसला होता, पाय पसरून, आपल्याच घरी बसावं तसा. जासिंता माझ्याकडून पानं घेऊन जुळवायला लागली. हात चांगला आहे पोरीचा. मला इतकं हलकं वाटत होतं की सांगता सोय नाही, आणि नवस तर माझा नव्हताही.

मेणाच्या पायाला एव्हाना चारपाच खाचा पडल्या होत्या.

पण सवय जाते थोडीच. निघता निघता बावतीस थांबलाच.

"पाळकबाबा, मग सोमवारी मी काय करू?"

मी कपाळावर हात मारला. जासिंता हसली.

पाळकबाबांनी शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"सोमवारी लुसियाबाई टेकडीवर जाणार ना?"

"जाते ती दर सणाला. एकटीच."

"तिच्याबरोबर जा."

बावतीस गोंधळला. जिथं जायचं सुटलं म्हणून आत्ता मोकळा श्वास घेतला, तिथंच हे परत धाडत होते. तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मला कळलं होतं. मग त्यानं हळूच विचारलं, "काय घेऊन जाऊ?"

पाळकबाबांनी शिवून झालेलं पुस्तक उघडलं, मिटलं, ढिगावर ठेवलं.

"काही नको. हात हलवत जा."